सांबऱ्याची रिक्षा

मुतग्याची बायडक्का घड्याळ बांधत नाही.
सकाळचं विमान डोक्यावरून गेलं की म्हशी सोडते.
वर बघतसुद्धा नाही,
आवाजावरून ओळखते: हे बेंगळूरचं, हे हैदराबादचं.
मागं एक फेरी बंद झाली, कुणी कळवलं नाही,
तर चार दिवस म्हशी दावणीलाच हंबरत होत्या.

मी सांबऱ्याचा. रिक्षा लावतो फाटकाबाहेर, चिंचेखाली.
आत काच, गारवा, तीन भाषांत सूचना,
त्यात आमची नाही.
बाहेर आम्ही सातजण आणि भाव बोटांवर:
कॅम्प तीन बोटं, शहापूर तीन आणि अर्धं,
खानापूर म्हणालं कुणी तर आधी सीट पुसून घेतो.
चंदगडवाला असला तर बाचीपर्यंत माझं परमिट,
पुढं शिनोळीचा भाचा.
मधे बॅग तेवढी या हातातून त्या हातात.

एकदा एका साहेबाला विचारलं,
वरून दिसते काय हो ती हद्द?
म्हणाला, मला खिडकी नव्हती.

गेल्या पुसात धुकं असं पडलं
की माझंच पुढचं चाक मला दिसेना.
धाकलू गावडे पहाटेपासून चिंचेखाली,
धोतरावर लेकाचं जर्किन, मांडीवर उकडलेल्या रताळ्यांची पिशवी.
"लेक येऊलालीय, वैजयंता. हैदराबादेत नर्स हाय.
पयल्यांदाच इमानानं."
मी चहा सांगितला.
त्यांनी बशीत ओतला आणि तसाच धरून बसले.

नऊच्या पुढं आवाज आला,
धुक्याच्या वर, कुठंतरी बाळेकुंद्रीच्या अंगानं.
म्हातारा उठला. टोपी काढली.
आवाज वळला, लांब गेला,
परत आला,
नव्या पाहुण्यानं गल्ली चुकावी
आणि हाक मारायला लाजावं, तसा.
मान वर करून ते त्याच्यामागं जागच्या जागी फिरत होते,
चहा पायावर सांडलेला.
मग हुबळीकडं तो बारीक होत गेला.
आतून शिपाई सांगत आला: तिकडं उतरवणार.

"म्हंजे लेक डोस्क्यावरनं गेली की," म्हणाले.
आणि जरा वेळानं, "दोनदा."

मी त्यांना बसस्टँडवर आणलं.
पैसे घेतले, खोटं कशाला सांगू. निम्मे घेतले.
दीड वाजता हुबळीची लाल बस आत वळली,
काचेवर चिखल, टपावर कुणाच्या तरी कोंबड्या.
वैजयंता उतरली. हातात पुस्तक,
पुस्तकात खूण म्हणून विमानाच्या पासाचा तुकडा.
बापानं आधी तिच्या पायाकडं बघितलं, मग तोंडाकडं.
"वर काय दिलं गे खायाला?"
"पाणी."
रताळं कधीचं गार झालेलं.
तिनं उभ्या उभ्या सालीसकट खाल्लं.

बाचीला निघताना बॅग मागं टाकली
तर कडीला पांढरी पट्टी.
आम्ही बेळगाव म्हणतो, पाटी बेळगावी म्हणते,
त्यापायी माझ्या जन्मात किती बंद झाले,
किती काचा फुटल्या, एक माझीही.
पट्टीवर नुसतं: आय, एक्स, जी.
पहिली दोन अक्षरं कुणाचीच नाहीत.
शेवटचं तेवढं
आमच्याही नावात सापडतं, त्यांच्याही.
मी ते तिला सांगणार होतो,
पण ती बापाच्या खांद्यावर झोपली होती
आणि गणेशपूरच्या पुढं रस्ता खराब,
म्हणून सावकाश चालवली.

संध्याकाळी बायडक्का कॅन घेऊन रस्त्यात आडवी आली.
"काय झालं गा आज तुमच्या त्या इमानाला?
दोनदा सोडली म्हसरं
नि दोनदा बांधली."